बिनकोबाल्टची भट्टी

मला सांगायचं नव्हतं. पण कट्ट्यावरची तुम्ही मंडळी रोज तेच उकरता, "आबा, भट्टीचा किस्सा सांगा." तुम्हाला हसायला होतं. माझी नोकरी जायची वेळ आली होती. आणि एक किस्सा सांगायला जावं तर मागनं चार येतात. मोळीतला एक ऊस उपसला की सगळी मोळी सुटते तसं.

कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी भट्टी सांभाळायचो. चालू करायची, बंद करायची, झाडून ठेवायची. गॅस न जाळता त्यातनं वीज काढणारा सेल असतो म्हणे, त्यासाठी मुल्ला मॅडम एक काळी पावडर भाजायच्या. नाव पेरोव्स्काइट. गेटवरचा शंकर रोज विचारायचा, "आबा, पेरू पिकलं का?"

*

त्या पावडरीत कोबाल्ट कणभर चालायचा नाही. का, म्हणून विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "महाग असतो. शिवाय तापला की फुगतो, सेलमधल्या शेजारच्या थराला तडे पाडतो."

म्हटलं, "म्हंजे आमचा थोरला जावई."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं नुकतंच लग्न झालेलं.

*

दारावर पाटी लागली, 'कोबाल्ट फ्री कॅथोड'. कॅथोड म्हणजे सेलमधला आमच्या पावडरीचा थर. लगेच म्हसवडचा माझा मेव्हणा रिकामी पिशवी घेऊन हजर.

"दाजी, म्हशीच्या खुराकात कोबाल्ट घालत्यात. हितं फ्री हाय म्हणं."

"आरं, फ्री म्हंजे न्हाई!"

"आसं कसं? साबणावर चमचा फ्री म्हंजे चमचा न्हाई व्हय?"

मी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या पिशवीसकट म्हसवडच्या गाडीत बसवला.

*

जगताप सर म्हणजे विभागाचे मोठे साहेब. चहा बशीतनं प्यायचे. पांढरी बशी, तिच्यावर निळी फुलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो. बशी लॅबमध्ये नको."

सरांनी फुरका मारला. "बशी काय पावडरीत उडी घेणार आहे?"

*

एका रविवारी मला सुट्टी होती, म्हणून सरांनी पावडरीचा घाणा स्वतः भाजला, स्वतः काढला आणि मूस, म्हणजे पावडर भाजायची वाटी, आपल्या कपाटात कुलपात ठेवली. तिच्यातली चिमूटभर पावडर त्यांनीच काढून तपासायला धाडली. तिच्यात कोबाल्ट निघाला. मॅडम रडकुंडीला आल्या.

सर थेट माझ्यावर. "आबांचा तंबाखूचा हात भट्टीत जातो. उद्यापासून दुसरा माणूस बघा. माझी बशीपण यांनीच फोडली असणार, कुठं दिसत नाही."

म्हटलं, "सायेब, तंबाखू खातो. बशा खात न्हाई."

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, ती मूस बघू द्या."

सरांनी किल्ली लावली. मूस टेबलावर आली. तिचं झाकण कवाच फुटलेलं, हे सगळ्यांना ठाऊक. झाकणाच्या जागी सरांची बशी, एका बाजूला फट सोडून घट्ट चिकटलेली. निळी फुलं ओघळून कडेनं आत उतरलेली.

 मग सर घसा खाकरून म्हणाले, "आबा, चहा सांगा. कपातच."

मी सांगितला. नोकरी राहिली. माफी तेवढी यायची आहे, जगताप सरांकडनं.