लीडरकाकूंचा परतीचा जोड

लीडरकाकू बॅगेच्या हँडलमध्ये दोन बोटं अडकवायच्या, बॅग वीतभर उचलायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि आकडा सांगायच्या. "साडेअठरा." त्यांना खोटं पाडायचंच म्हणून मी आमचा वजनकाटा काढला, तर अठरा किलो सहाशे भरले. शंभर ग्रॅमचा फरक निघाला म्हणून मी जरा खूश होतेय तोवर त्या म्हणाल्या, "बाहेरचा कप्पा बघ. मी बॅगेचं सांगितलं, खाऊचं नाही." कप्प्यात माझ्या मुलीचं, सईचं, अर्धं खाल्लेलं चॉकलेट निघालं!

पुण्यातल्या एका सहल कंपनीत त्यांनी टूर लीडर म्हणून बावीस वर्षं लोकांना परदेशच्या टूरवर नेलं होतं. इथे आयर्लंडमध्ये, ओंगारला, आमच्यापासून तीन घरं सोडून त्यांचा मुलगा निखिल राहायचा. सुनेच्या, ऋजुताच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारी २०२०मध्ये त्या दोन महिन्यांकरता आल्या, त्या अकरा किलोची एकच बॅग घेऊन. त्यातले पाच किलो डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी. माझी आई आदल्या वर्षी आली तेव्हा दोन भल्या मोठ्या बॅगा तर होत्याच, शिवाय पोळपाट होता. "तिकडचं लाकूड कसं असेल कोण जाणे," म्हणे. मी ही गोष्ट हसत हसत काकूंना सांगितली, पण त्यांना हसू आलं नाही. "सांगलीच्या एका गृहस्थांकडून मी विमानतळावर खवणी काढून घेतली आहे. लोक टूरला घर घेऊन येतात गं. घर घरी ठेवावं."

मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि काकू इथेच अडकल्या. तिकडे पुण्यात काका एकटे. त्यांना कुकर लावण्यापलीकडे स्वयंपाकातलं काही येत नव्हतं, त्यामुळे रोज दुपारी फोनवरून आमटी शिकवणं चालायचं. अडकलेल्यांना न्यायला विमान येणार आहे, यादीत नाव लागलं की मेल येईल, असं कळल्यापासून काकू दिवसातून दहा वेळा मेल बघायच्या. त्यांची स्वतःची बॅग जिन्याखाली भरून तयार होती.

पण हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांची मे महिन्यातली टूर रद्द झाली होती, तरी त्या टूरच्या बत्तीस लोकांचे बॅग भरण्याचे वर्ग त्यांनी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर चालू ठेवले. मी म्हटलं, "अहो काकू, जायचंय कुठे?" तर म्हणाल्या, "टूर रद्द झालीय. तयारी कुठे रद्द झालीय?" आणि ते लोकही काय एकेक! कोथरूडच्या आजी कॅमेऱ्यासमोर बॅग उघडून परीक्षेला बसल्यासारख्या बसायच्या. नवे बूट नकोत, जुने घ्या. औषधं मूळ पाकिटात, वर डॉक्टरांची चिठ्ठी. चष्मे दोन. कपडे वाळत घालायला दोरी आणि चार सेफ्टी पिना. आयर्लंडला येणार असाल तर छत्री घरी ठेवा, इथला वारा ती उलटी करून तिच्या काड्यांचा कोळी करतो. टोपीचं जॅकेट घ्या. आणि सगळ्यात तळाशी परतीचा जोड. म्हणजे इस्त्री केलेला एक शर्ट, एक पँट, किंवा साडी. सगळी टूर होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. "घ्यायला आलेल्या माणसांना आपण नीट दिसलो पाहिजे," हे त्या प्रत्येक वर्गात सांगायच्या.

माझा नवरा अभिजित तासाभरावरच्या मलिंगार गावात सरकारी दवाखान्यात डॉक्टर. आजार घरी यायला नको म्हणून मार्चपासून तो तिकडेच खोली घेऊन राहत होता. मी इकडे ऑफिसचं काम आणि सहा वर्षांची सई, दोन्ही एकाच टेबलावर सांभाळत होते. मे महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज अर्ध्यावर तुटत होता. त्याला ताप होता, श्वास लागत होता, आणि आता तो स्वतःच्याच दवाखान्यात पेशंट म्हणून दाखल झाला होता. भेटायला कुणालाही परवानगी नव्हती. ओंगारहून ड्युटीला जाणारा त्याचा एक सहकारी चार वाजता बॅग घेऊन जाणार होता. माझ्या हातात दोन तास होते.

मी बॅग भरायला घेतली म्हणजे काय केलं, ते आठवलं की आजही लाज वाटते. सुंठ, हळद, मधाची बाटली, काढ्याचं पातेलं, गणपतीची तसबीर, चार पायजमे, ब्लँकेट, अंगारा, लॅपटॉप. सई बाजूला उभी राहून विचारत होती, "मम्मी, इज डॅडी ग्रँड?" (इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे बरा) आणि मी तिच्यावर खेकसत होते. बॅग बंद होईना तेव्हा मी तिच्यावर बसले आणि रडायला लागले. सई कधी पळत गेली कळलं नाही. पाच मिनिटांत लीडरकाकू मास्क लावून आमच्या पुढच्या खिडकीबाहेर उभ्या होत्या. त्यांच्या घरात तान्हं बाळ, म्हणून त्या आत आल्या नाहीत.

"रिकामी कर," त्या खिडकीतून म्हणाल्या.

"काकू, वेळ नाहीये!"

"आहे. दोन वीस झालेत. रिकामी कर."

मग त्या एकेक सांगत गेल्या आणि मी ठेवत गेले. फोनचा चार्जर, लांब वायरचा, कारण प्लग खाटेच्या मागे असतो. चष्मा, दुसरा चष्मा. समोरून बटणांचे दोन शर्ट, नळ्या लावलेल्या असतात म्हणून. घसरत नाहीत अशा चपला. मेतकुटाची पुडी. "तुझ्या उशीचा अभ्रा काढ. न धुतलेला."

"त्याला वास येत नाहीये काकू. कालपासून."

"येईल तेव्हा येईल. ठेव."

मग म्हणाल्या, "आता त्याचा चांगला शर्ट आण. पँट, बूट, मोजे. तळाशी जाईल. शर्टाला इस्त्री कर."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "तो टूरला गेलेला नाही हो! तिथे माणसं मरताहेत! तुमचं काय, तुमचा मेल येईल, तुम्ही विमानात बसाल आणि जाल!" ज्यांनी माझ्या मुलीला महिनाभर खिडकीबाहेरून शर्टाच्या घड्या घालायला शिकवल्या, त्यांना मी हे बोलले. काकूंच्या चेहऱ्यावरचा मास्क जरासुद्धा हलला नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कॉलरला आधी उलट बाजूने कर. सुरकुती राहत नाही."

मी इस्त्री केली. बॅग साडेसहा किलोंची झाली आणि चार वाजता गेली.

पुढचे सतरा दिवस कसे गेले ते सांगत नाही. ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. ऑक्सिजन वाढवला, ऑक्सिजन कमी केला, पुन्हा वाढवला. रोज अकरा वाजता वॉर्डमधून फोन यायचा, आणि अकराला पाच कमी असताना काकू खिडकीबाहेर हजर. "सगळं नीट होईल" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. नवव्या दिवशी वॉर्डमधून सांगितलं की व्हेंटिलेटरचा विचार चालू आहे, संध्याकाळपर्यंत कळवतो. त्या दिवशी काकू गेल्याच नाहीत. पाऊस आडवा येत होता. टोपी ओढून त्या आमच्या कुंपणापाशी उभ्या, शेजारची मेरी त्यांना खुर्ची आणि चहाचा मग देऊन गेली. मी काच सरकवून विचारलं, "येईल ना हो तो?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. तू जेवलीस का?" साडेपाचला फोन आला, व्हेंटिलेटर टळला होता. मी खिडकीतून अंगठा वर करून दाखवला. काकू खुर्चीवरून उठल्या तेव्हा गुडघे धरून उठल्या, एवढंच. सहासष्ट वर्षांची बाई सहा तास पावसात बसली होती.

अठराव्या दिवशी अभिजित घरी आला. तोच शर्ट अंगात, पण खांद्यांवरून ओघळणारा, आणि पँट एका हाताने धरलेली. सई धावत गेली आणि त्याच्या पायांना मिठी मारून बसली. काकू लांबूनच बघत होत्या. "कॉलर चांगली बसलीय," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

पाच आठवड्यांनी काकूंचं विमान ठरलं. निरोपाचा डबा द्यायला मी गेले, तेव्हा दारात ऋजुताने सहज सांगितलं, "एकदाच्या निघाल्या बाई. पहिला मेल तर मे महिन्यातच आला होता. तू अभिजितची बॅग भरत होतीस ना, त्याच सकाळी. चार दिवसांनी विमान होतं. संध्याकाळी आईंनी 'येत नाही' म्हणून कळवून टाकलं."

त्या खिडकीबाहेर उभ्या होत्या तेव्हा तो मेल त्यांच्या फोनमध्ये होता. मी डबा तिच्या हातात कोंबला आणि मागच्या अंगणात गेले. काकू दुपटी वाळत घालत होत्या.

"काकू, का थांबलात? काका तिकडे एकटे..."

"त्यांना विचारलं की मी," त्या चिमटा लावत म्हणाल्या. "ते म्हणाले, थांब, मला आता आमटी येते. अगं, निघताना माणसं मोजायची, आणि एक जरी कमी असेल तर बस सोडायची नाही. बावीस वर्षांत नाही सोडली. आता कशी सोडणार?"

मला रडूच फुटलं. त्यांनी मला रडू दिलं आणि उरलेली दुपटी वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो. अभिजित अजून भिंतीला टेकूनच उभा राहायचा. काकूंनी आपली बॅग स्वतः डिकीत ठेवली, वळल्या आणि आमच्याकडे बघत बोट पुढे केलं. आधी सईकडे, मग माझ्याकडे, मग अभिजितकडे.

"एक. दोन. तीन," त्या म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसून ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला."