मिरचीचे हात

आज नंदुरबारच्या रस्त्यावर पथारीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा ठसका लागला आणि माझ्या बाळंतपणाची दुपार आठवली.

बाळ आडवं होतं, म्हणून सिझेरियन सोमवारी ठरलेलं. नवरा सुरतेला कामावर होता. आई रविवारी खांडबाऱ्याहून येणार होती. कळा शनिवारीच सुरू झाल्या.

माझं ओरडणं ऐकून समोरच्या पथारीवर मिरच्या निवडणारी बाई धावत आली. तिने रिक्षा थांबवली, माझ्याशेजारी बसली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो मागे घेतला.

"मन्हा हातस्ले मिरची लागेल शे, बहीन. मन्हा पदर धर."

मी पदर आवळून धरला, पण इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

दवाखान्याच्या दाराशीच नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणाले आणि मला आत नेलं.

मुलगी सुखरूप झाली. संध्याकाळी पोहोचलेल्या नवऱ्याने सांगितलं, "नर्स म्हणाली, दाराशी एक बाई बसली होती. मुलगी झाल्याचं ऐकलं, तेव्हाच उठली."

नर्सला दिलेलं माझं उत्तर तिनेही ऐकलं असणार, हे मला फार वर्षांनी सुचलं.