माणसां खंय गेली?

आमच्या घरात काळ दोनच होते, गिरण्यांच्या संपाआधीचा आणि संपानंतरचा. आईबाबांचं लग्न संपाआधी, माझा जन्मही संपाआधी, मोरीची फरशी फुटली ती संपानंतर. त्यामुळे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात 'इ.स.पू.' भेटलं तेव्हा मी हात वर करून बाईंना सांगून टाकलं, "स.पू. म्हणजे संपापूर्वी." 'इ' कशाचा ते मला ठाऊक नव्हतं. लोअर परळच्या त्या वर्गात कुणी हसलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या घरी काळ असाच मोजत होते.

बाबा साचे खात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संपात गिरणी कायमची सुटल्यावर ते फणसवाडीतल्या एका छापखान्यात लागले आणि काही वर्षांनी घरात एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. चाळीतले बाकीचे लोक क्रिकेट आणि सिनेमा बघायचे. बाबांना वेड लागलं माहितीपटांचं, तेही इतिहासाच्या. पिरॅमिड, सिंधूकाठची शहरं, रोमन लोकांचे रस्ते, काहीही चालायचं. निवेदकाचा तो भारदस्त आवाज सुरू झाला की घरात भांडं वाजवायची सोय नसे. "मेल्यांची हाडां बघूक काय एवढो जीव टाकतास!" असं आई करवादायची. पण तांदूळ निवडता निवडता तीही डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची.

प्रत्येक माहितीपटात शेवटी एकच गोष्ट व्हायची. नदी पात्र बदलायची, व्यापार बसायचा आणि निवेदक जड आवाजात सांगायचा की ते नगर ओस पडलं. बाबा लगेच टीव्हीला विचारायचे, "आणि माणसां? माणसां खंय गेली?" आमचं मूळ घर मालवणकडचं, घरात हीच भाषा. निवेदक तोवर पुढच्या राजाकडे वळलेला असायचा. मला तेव्हा या प्रश्नाचा वैताग यायचा. बाबा स्वतःच्या गिरणीबद्दल घरात चकार शब्द काढत नसत. विचारायचं ते सगळं टीव्हीलाच विचारत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी नोकरीला लागले, घरात रंगीत टीव्ही आणि केबल आली, आणि गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणायला घेतला. त्याच सुमाराला गिरणगावावर माहितीपट करणारी एक मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन चाळीत आली. बाबांशी बोलायचं म्हणाली. बाबांचा आनंद मी शब्दांत काय सांगू! आयुष्यभर राजेरजवाडे बघितले, आता साचे खात्याची पाळी आली होती. दाढी केली, लग्नाबिग्नाला घालायचा शर्ट चढवला आणि खाटेवर ताठ बसले.

"काका, संपाबद्दल सांगा," मुलगी म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला आणि थेट निवेदकाच्या आवाजात सुरुवात केली, "प्राचीन काळी या भूमीवर वस्त्र विणणाऱ्यांची एक महान संस्कृती नांदत होती."

कॅमेरावाल्याने मान खाली घातली. मी कपाळावर हात मारला.

"काका, नेहमी बोलता तसं बोला ना," ती बिचारी म्हणाली.

"इतिहासात नेहमीचां बोलणां चलात काय?" एवढंच आपल्या भाषेत विचारून बाबा पुन्हा भूमी आणि संस्कृतीकडे गेले. तिने चार वेळा समजावलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आता पुरे झाली तुमची संस्कृती. चाय निवता." बाबांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरका घेतला. मंडळी सामान आवरून गेली.

त्यानंतर बाबांचा जीव टांगणीला लागला. "माका दाखवतले मां गो?" हे मला रोज संध्याकाळी ऐकावं लागे. ती मुलगी एकदा फोनवर म्हणाली होती, काकांचं बोलणं बहुतेक वापरता येणार नाही. हे मी बाबांना सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

माहितीपट टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी आमच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. साचे खात्यातले बाबांचे जुने सोबती आले होते, दारात शेजारच्या बायका दाटल्या होत्या. मी बाबांच्या मागे बसले होते. भोंगे झाले, मोर्चे झाले, पाडलेल्या भिंती झाल्या. बाबा कुठेच नव्हते. मग रिकाम्या खात्यात कॅमेरा फिरू लागला आणि निवेदक म्हणाला, "गिरण्या ओस पडल्या."

बाबा सवयीने बोलून गेले, "आणि माणसां? माणसां खंय गेली?"

आणि पडद्यावर बाबा आले. आमच्याच खाटेवर, बशीतल्या चहावर फुंकर मारत. मागून आईचा आवाज, "आता पुरे झाली तुमची संस्कृती." कॅमेरा तेव्हा चालूच होता, आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

"ही काय, हयच आसत!" आई ओरडली आणि सगळी खोली हसत सुटली.

बाबा हसले नाहीत. पडद्यावरचा भुरका संपेपर्यंत त्यांनी बघितलं, मग मान वळवून खोलीभर नजर फिरवली. सोबती, बायका, दाराबाहेर चवड्यांवर उभी पोरं. "खरांच की," ते हळू म्हणाले. "आमी हयच आसव." मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

पुढे कितीतरी वर्षं ते माहितीपट बघत राहिले. नगरं पूर्वीसारखीच ओस पडत होती, पण तो प्रश्न पुन्हा त्यांनी विचारला नाही. निवेदकाचा आवाज जड झाला की उलट त्याचीच समजूत काढायचे, "आसतली रे थंयच खंयतरी. चाय पियत."