पंच क्रमांक दोन

जळगावच्या आमच्या घरात दर रविवारी दुपारी दोन वाजता एक खून होतो. जेवणं उरकलेली असतात, आई पलंगावर पाय पसरून सुपारी कातरत बसते आणि टीव्हीवर पोलिसांची ती मालिका लागते. आठवड्यात दाखवलेलाच भाग रविवारी पुन्हा लावतात, पण आईची त्याबद्दल तक्रार नाही. उलट खुनी कोण ते आधीच ठाऊक असल्यामुळे तिला मला ते सांगता येतं. मी शेजारच्या खुर्चीत तोंडावर पेपर घेऊन झोपायला बघतो. चोपन्न वर्षांच्या सरकारी कारकुनाला रविवारी दुपारी दुसरं काय हवं असतं?

त्या रविवारी मात्र झोप येत नव्हती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता धुळ्याच्या कोर्टात माझी साक्ष होती, तीही खुनाच्याच खटल्यात. समन्स ऑफिसात येऊन पंधरा दिवस झाले होते. घरी मी एवढंच सांगितलं होतं की सोमवारी धुळ्याला काम आहे.

म्हणून मी पेपर बाजूला ठेवून तो भाग बघितला. एका बंगलेवाल्या शेठचा खून झालेला. इन्स्पेक्टर कडक इस्त्रीतला, भर उन्हातही त्याच्या काखेत घामाचा डाग नाही. त्याने शेठच्या पुतण्याला खोलीत बसवून दोन प्रश्न विचारले आणि पुतण्या कबूल झाला की लोखंडी गज विहिरीत टाकलाय. मग सगळे विहिरीवर. पाणबुड्याने गज वर काढला तेव्हा पडद्याच्या कडेला दोन माणसं उभी होती, एकाच्या हातात कापडी पिशवी. इन्स्पेक्टर त्यांना म्हणाला, बघून घ्या. दोघांनी माना हलवल्या. झालं, एवढंच त्यांचं काम. त्यांना बोलायला एक वाक्य नव्हतं आणि चेहरेही नीट दाखवले नाहीत.

आईने विचारलं, ही दोघं कोण? मी म्हणालो, पंच.

पोलीस एखादी वस्तू जप्त करतात तेव्हा दोन तिऱ्हाईत माणसं तिथे हजर असावी लागतात. त्यांनी डोळ्यांनी बघायचं, पंचनाम्यावर सही करायची, पुढे कोर्टात तेच सांगायचं. बाहेरची माणसं नंतर टिकत नाहीत म्हणून पोलीस सरकारी ऑफिसला पत्र देतात आणि साहेब ज्याच्याकडे त्या दिवशी काम कमी दिसेल त्याला पाठवतात. सहा वर्षांपूर्वी मी धुळ्याला होतो. आमच्या ऑफिसातून दोघे गेलो. माझा सोबती पंच क्रमांक एक, मी पंच क्रमांक दोन.

पिंपळनेरकडच्या एका खेड्यात तरुण मजुराचा खून झाला होता. त्याच्याच गावातला आरोपी म्हणत होता, नाल्यात पुरलेली कुऱ्हाड काढून देतो. तिकडे जायचं, उकरायचं, लिहायचं आणि परत यायचं म्हणजे अख्खा दिवस जाणार. आणि त्याच दुपारी आईच्या मोतीबिंदूची पट्टी सोडायची होती. तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. ठाण्यातल्या हवालदारापाशी मी रडगाणं गायलं. हवालदार वाईट नव्हता. तो म्हणाला, तुम्ही पत्राप्रमाणे आलात एवढं पुरे, दोघांपैकी एक तर सोबत आहेच. त्याने पंचनाम्याचे कोरे कागद पुढे केले आणि जप्त मालाच्या पुडक्यावर चिकटवायच्या कागदाच्या पट्ट्याही. मी सगळ्यांवर सह्या केल्या, तारीख टाकली आणि रिक्षा पकडून दवाखान्यात गेलो. आरोपी बहुतेक आतल्या खोलीत होता. त्याला मी बघितलंही नाही.

असं सगळेच करतात, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं नाही ते. आमच्या ऑफिसात तर पंच म्हणून गेलेला माणूस तासाभरात परत आला तर त्याला हुशार म्हणायचे.

आता माझा सोबती पंच गेल्या वर्षी वारला होता. म्हणजे कुऱ्हाड निघताना बघितलेला माणूस म्हणून कोर्टापुढे मी एकटाच उरलो. आरोपी सहा वर्षं आत होता. गेलो होतो म्हणावं, तर मी न बघितलेल्या कुऱ्हाडीवर एक माणूस जन्मभर तुरुंगात जाणार. नाही म्हणावं, तर सरकारी नोकर असून फितूर झालो म्हणून चौकशी लागणार, आणि निवृत्तीला जेमतेम साडेतीन वर्षं उरलेली. पंधरा दिवस हेच दळण चालू होतं. अगदी वीट आला होता. खरं सांगायचं तर मला न्याय नको होता, साक्षच रद्द व्हायला हवी होती.

टीव्हीवर गज पिशवीत गेला. आईला आठवलं की तिचा मुलगाही असा एकदा गेला होता. पुढे कधीतरी मीच तसं बोललो होतो आणि गल्लीतल्या बायकांना तिने ते कौतुकाने सांगितलं होतं. तिने विचारलं, तू गेलास तेव्हा काय निघालं? मी म्हणालो, कुऱ्हाड. ती म्हणाली, कधीची गोष्ट ही? माझं लक्ष नव्हतं. तोंडातून निघून गेलं, तुझी पट्टी सोडली त्या दिवशीची.

आईचा अडकित्ता थांबला.

"त्या दिन तं तू मन्हाजोडे व्हता. पट्टी सोडी तवय पहिलं तुन्हंच तोंड दिखनं माले. मंग तू तठे कवय गया?"

मी म्हणालो, तुझ्याजवळच होतो, तिकडे नव्हतो गेलो. मग सगळं सांगून टाकलं, उद्याच्या साक्षीसकट. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती टीव्हीकडे बघत राहिली. शेवटची पाच मिनिटं आली, पुतण्या निर्दोष निघाला, खरा खुनी मॅनेजर होता आणि तो रडत रडत सगळं ओकला. दर रविवारी ती हे मला आधी सांगते. त्या दिवशी तिने नाव घेतलं नाही. सुपारी तशीच मांडीवर पडून होती.

सोमवारी पहाटेच्या एसटीने निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, काय ठरवायचं ते ठरत नव्हतं. कोर्टाच्या आवारात सरकारी वकिलांनी पंचनाम्याची प्रत हातात दिली, वाचून घ्या म्हणाले. नाल्याच्या उत्तरेला बाभळीचं झाड, झाडापासून चार पावलांवर उकरलं, पात्यावर तांबूस डाग, दांड्याला चीर. माझ्या सहीच्या वर मी कधी न बघितलेली बाभूळ लिहिलेली होती. अक्षर सुरेख होतं. मी ते तीनदा वाचलं, शाळेतल्या पाठांतरासारखं, आणि पाठ होत आलं तेव्हा स्वतःचीच किळस आली.

पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. नाव, गाव, नोकरी झालं. मग वकिलांनी विचारलं, ज्याने कुऱ्हाड काढून दिली तो आरोपी आज कोर्टात हजर आहे का, असेल तर दाखवा. मी मागे बघितलं. बाकावर तीन माणसं बसलेली होती. तिघेही काळेसावळे, तिघांचेही शर्ट विटलेले. दुसऱ्या खटल्यांतलेही आरोपी तिथेच बसवलेले होते. वकील डोळ्याने काहीतरी खुणावत होते, पण कोणाकडे ते मला कळेना. तिघेही माझ्याकडे बघत होते आणि त्यांतला एकही मला ओळखत नव्हता.

मी म्हणालो, "साहेब, मी जागेवर गेलो नव्हतो. सह्या ठाण्यात केल्या."

त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. मला बोट दाखवता आलं नाही, एवढंच. आईपुढे सगळं बोलून बसलो होतो म्हणून शब्द लवकर सुटले असतील. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करून घेतलं आणि मग अर्धा तास तासलं. आरोपीच्या लोकांनी दम दिला का? तुम्ही खोटं सांगताय ना? जज्जसाहेबांनी फक्त एकदा चष्म्यावरून बघितलं आणि कोऱ्या कागदावर सही केली असं स्पष्ट लिहून घ्यायला लावलं. आरोपीचे वकील एवढे खूश होते की त्यांनी मला फार विचारलंच नाही. बाहेर आलो. एकदाचं संपलं, घरी जाऊन झोपावं, दुसरं काही मनात नव्हतं.

व्हरांड्यात एक म्हातारी बाई मागून आली. आत ती शेवटच्या बाकावर बसलेली मी बघितली होती, आरोपीची आई असेल असं मला वाटलं होतं. ती मेलेल्या पोराची आई होती. पिंपळनेरकडून प्रत्येक तारखेला ती येत होती, सहा वर्षं.

"भाऊ, तुम्ही तठे गयेच नही, मंग सही कसाले करी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, आईची पट्टी सोडायची होती, मला घाई होती. ऐकताना तिने मान हलवली, कारण समजण्यासारखं होतं. मग तिने विचारलं, म्हणजे त्याने कुऱ्हाड काढून दिलीच नाही का? मी म्हणालो, ते मला माहीत नाही. दिली असेल, नसेलही. ते बघायलाच मला पाठवलं होतं.

ती एक पाऊल जवळ आली.

"मंग आते मी कोनले इचारू?"

आतून शिपायाने पुढच्या साक्षीदाराचा पुकारा केला, तशी ती पदर सावरून परत आत गेली आणि त्याच बाकावर जाऊन बसली.