आयचे गुडघे आणि लिस्बनचे चढ

आयला मी लिस्बनला नेलं ते जग दाखवायला नाही. तिचे गुडघे संपलेत हे तिच्याच तोंडून कबूल करून घ्यायला नेलं. नातेवाइकांना अर्थात 'आईला युरोप दाखवतेय' असं सांगितलं. दोन मावश्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी येऊ दिलं.

घणसोली गावात आयची तीन मजली इमारत आहे. नवी मुंबईसाठी शेतं गेली तेव्हा वडिलांनी ती बांधली, खोल्या भाड्याने दिल्या आणि वारा येतो म्हणून स्वतः सगळ्यात वर जाऊन राहिले. वडील गेले, वारा अजून येतो. जिना इतका अरुंद आहे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. मागे जाणारी व्यक्ती घरमालकीण नसते. दिवसातून चार वेळा आय तो जिना चढते-उतरते. कोणाचा नळ वाहतोय, कोणी जिन्यात चपलांचं कपाट ठेवलंय, पाहुणा म्हणून आलेला कोणाचा मेहुणा अजून कसा गेला नाही, ही तिची दिवसाची कामं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, जिना बंद करा. आयने डॉक्टर बंद केला.

मी म्हणत होते, कामोठ्याला माझ्याकडे ये. एक खोली रिकामी आहे, सोसायटीला दोन लिफ्ट आहेत. आय म्हणत होती, "मना काय झालंय?"

दोन वर्षं हे ऐकल्यावर मी पैज लावली. सहा दिवस लिस्बनचे चढ चढून दाखव, मी कामोठ्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर आल्या आल्या तिसरा मजला सोडायचा.

"चल," ती म्हणाली.

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. माल घेण्याआधी नमुना ताणून बघायची सवय आहे. म्हणून राहायला जुन्या वस्तीतलं, तिसऱ्या मजल्यावरचं आणि लिफ्ट नसलेलं घर मुद्दाम शोधलं. जाहिरातीत 'चढ फार आहे, वृद्धांनी विचार करावा' असं लिहिलं होतं. मी लगेच बुक केलं.

पहिल्या दिवशी आय कठड्याला धरून वर गेली आणि दारात पोचल्यावर म्हणाली, "आपल्यापेक्षा पायऱ्या रुंद हायेत."

मग शहर बघायला निघालो. अरुंद गल्ल्या, खिडक्यांबाहेर वाळत घातलेल्या चादरी, तळमजल्याच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसलेल्या म्हाताऱ्या, भाजलेल्या मासळीचा वास. आयने चारी बाजूंना बघितलं. "रातभर इमानात बसवून तू मना घनसोलीतच आनलंस काय गो?"

सुकवलेल्या माशांच्या एका दुकानात तिने एक भला मोठा मासा शेपटीला धरून उचलला, हुंगला आणि दुकानदाराला मराठीत सांगितलं की याला ऊन कमी पडलंय. तो हसून मान डोलवत राहिला. चर्चमध्ये तिने हात जोडले आणि एवढ्या उंचावरची कोळिष्टकं कोण काढतं ते विचारलं. पुढे एक बाई दारात टेबल टाकून चेरीची दारू छोट्या पेल्यांतून विकत होती. मी आयला सरबत म्हणून दिली. दोन पेले झाल्यावर ती म्हणाली, "खोकल्याला बरं हाय," आणि पुढचा चढ माझ्याआधी चढून गेली. पैजेच्या दृष्टीने ती माझी चूक होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर धो-धो पाणी पडल्याचा आवाज आला. आमच्या वर चौथा मजला होता आणि तिथे कोणीतरी आंघोळ करत होतं. हे मला कळलं. आयला कळलं ते एवढंच की वरचा भाडेकरू अर्धा तास पाणी सोडून बसलाय. मी चहा ठेवेपर्यंत ती मॅक्सीवर टॉवेल टाकून वर पोचली होती आणि दार बडवत होती. "पानी बंद कर! टाकी तुज्या बापाची हाय काय?"

दार उघडलं. कमरेला पंचा गुंडाळलेला, कानात साबण असलेला एक सहा फुटी गोरा बाहेर आला. त्याने आयचा चेहरा बघितला, आग लागली असं त्याला वाटलं आणि तो तसाच जिना उतरत रस्त्यावर गेला.

आम्ही त्याच्यामागून खाली पोचलो तोवर आवाजाने तळमजल्यावरची घरमालकीण बाहेर आली होती. आयच्याच वयाची, काळा झगा, पायात सपाता. पर्यटकांपुरतं इंग्रजी तिला येत होतं. मी सगळ्यांच्या वतीने माफी मागायला लागले. तिने माफी हातानेच थांबवली, काय झालं ते ऐकून घेतलं आणि मग त्या पंचावाल्याकडे वळून आपल्या भाषेत जे काही बोलली, त्यात माफीचा सूर नव्हता. दोनदा तिने मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"बगलंस?" आय म्हणाली. "तिला कलतं."

चौथ्या दिवशी किल्ला. हा मी मुद्दाम राखून ठेवला होता, कारण तो सगळ्यात वर आहे आणि वाट दगडी. निम्म्यात आय एका घराच्या पायरीवर बसली. मला वाटलं, नजारा बघतेय. पाच मिनिटांनी उठायला गेली आणि पुन्हा बसली.

"नाय होत गो बाय."

मला आनंद झाला. तो तिला दिसला. तिने गुडघ्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोटो काढ. पुरावा नको काय तुना?"

मी फोटो काढला नाही. तेवढी मी वाईट नाही. पर्यटकांसाठी तिथे रिक्षा फिरतात, त्यातली एक थांबवली आणि आम्ही खाली आलो. इमारतीशी आल्यावर आयने जिन्याकडे नुसतं बघितलं. घरमालकिणीने खिडकीतून ते पाहिलं, दार उघडलं आणि तिला आत नेऊन खिडकीशी आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी वरून मलम आणायला गेले.

परत आले तर आय समोर काय चाललंय ते डोळे बारीक करून बघत होती. खिडकी बरोबर जिन्याच्या तोंडाशी होती. दुसऱ्या मजल्यावरची पोरगी आली, तिने किल्ली दिली. कोणी नळाची तक्रार सांगितली. तो पंचावाला आता कपडे घालून आला आणि मान खाली घालून गेला. खिडकीशी थांबल्याशिवाय कोणालाच वर जाता येत नव्हतं.

"इचार तिला, ती वर कदी जाते?"

मी विचारलं. बाई हसली. वरचे मजले तिने दहा वर्षांत बघितले नव्हते. लोकच खाली येतात, म्हणाली.

आय जिन्याकडेच बघत होती. मी मलम लावत होते.

"हरले मी," ती म्हणाली.

"हो."

"तिसरा माला सोडीन."

"मी जागा तयारच ठेवलीय."

"कामोठ्याला कोन चाललंय? माला सोडायचा बोलले व्हते. गाव सोडायचं कवा बोलले?"

मी म्हटलं, आये, असं नाही चालत, आपलं ठरलं होतं. ती म्हणाली, काय ठरलं होतं ते बोल बघू परत. मी मनात बोलून बघितलं. स्टोअरमध्ये असा करार कोणी माझ्यापुढे आणला असता, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

"खालच्या ड्रायव्हरला फोन लाव."

तो तिचा तळमजल्याचा भाडेकरू, साताऱ्याकडचा. मी फोन लावून दिला.

"मावशी, आवाज लांबून येतोय."

"लांबच हाय मी. ऐक. तुना वारा पायजे काय?"

"वारा?"

"वरची खोली घे. मी खाली येते."

पलीकडे त्याने बायकोला विचारलं. बायको काहीतरी म्हणाली.

"मावशी, पण आमच्या घरी माणसं लय येत्यात. तुमी जिन्यात बोलाल."

"मी जिन्यात कशाला येऊ? मी खिडकीत हाय."

त्याने पुन्हा बायकोला विचारलं. हे जास्त वाईट आहे की कमी, ते त्याला ठरवता येत नसावं. मग हो म्हणाला.

आयने फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आता काय बगायचं राह्यलंय?"

राहिलं होतं बरंच, पण सगळं चढावर. आम्ही ट्रामने नदीकाठी गेलो. तिथे रस्ता सपाट आहे.