तुपाची वानगी

माझा स्वभाव मुळातच संशयी. आई म्हणायची, हिच्या सासरचे हिला चार दिवसांत परत पाठवतील. पण लग्न होऊन हसनाबादेला आले आणि पाहते तर सगळं घरच माझ्या वरताण. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीनं उसनं पीठ परत केलं की चिमटीत धरून आधी वास घ्यायच्या. आणि मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, तर पोटच संशयावर चालायचं. ते तुपाचे पारखी होते. भोकरदनच्या बाजारात जालन्याच्या एका व्यापाऱ्यासाठी तूप खरेदी करायचे. धावड्याकडच्या डोंगरपट्ट्यातून बाया डोक्यावर तुपाची गाडगी घेऊन यायच्या. त्यातलं कुठलं घ्यायचं आणि कुठलं परत पाठवायचं, हे मामंजी ठरवायचे.

त्या वर्षांत डब्यातलं बनावट तूप निजामाच्या मुलखात आमच्या बाजारापर्यंत येऊन पोचलं होतं. दिसायला रवाळ, पांढरं, अगदी खऱ्यासारखं. लोक ते खऱ्यात मिसळून आणायचे. मामंजींचा त्या डब्यांवर इतका राग, की एखाद्या भावकीतल्या माणसावर असावा. "दुनिया बिलकुल खोटी होऊन राह्यली," असं ते जेवताना म्हणायचे आणि कुस्करलेल्या भाकरीवर घरच्या तुपाची वाटी उपडी करायचे. आमचं मूळ घराणं गुरं राखणाऱ्यांचं. पानात तूप कमी पडणं ही आमच्यात नामुष्की समजायचे.

मी आले त्यानंतर वर्षभरातच त्यांचं काहीतरी बिनसलं. बाजाराहून आले की चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले. डोकं ठणकतंय म्हणायचे. ओट्याची पायरी चढताना तोल जायचा, मग भिंतीला हात लावून उभे राहायचे. उजव्या बरगडीखाली सारखं जड वाटायचं. आत्याबाई हे सगळं टिपत होत्या. एके दिवशी मामंजी अंघोळीला गेले, तर आत्याबाईंनी त्यांचं खुंटीवरचं पागोटं काढून नाकाला लावलं. मग सदरा. मग उपरणं.

मला बघून म्हणाल्या, "शिंदीचा वास येतो का गं?"

मीही वास घेतला. "न्हाई आत्याबाई. तुपाचा येतो."

"तुपाचा येणारच. त्याच्याखाली बघ."

त्यांना भिण्याचं कारण होतं. त्यांचे वडील शिंदी पिऊन पिऊन गेले होते, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. म्हणून लग्न ठरताना त्यांनी निरोप धाडून एकच गोष्ट विचारली होती, मुलगा पितो का. तेव्हा मामंजींनी दुभत्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली होती, की शिंदीचा थेंब तोंडात जाणार नाही. गुराख्याच्या घरात याहून मोठी शपथ नाही. आत्याबाईंचा सगळा संसार त्या शपथेवर उभा होता. आणि भोकरदनला शिंदीचं दुकान नेमकं बाजाराच्या वाटेवर होतं.

शेवटी मामंजींना जालन्याला डॉक्टरकडं नेलं. आत्याबाईंच्या सोबतीला मीही गेले. डॉक्टरनं दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली, काचेच्या नळीतला पारा बघितला, पोट दाबून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दारू पिता?"

मामंजी ताडकन उठून बसले. "म्हशीची आण, शिवलो बी न्हाई."

"मग खाता काय?"

ते मात्र मामंजींनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. लोण्याचा गोळा, बेरी, तूप, सगळं. डॉक्टर ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या रक्ताचा दाब फार वाढलाय. त्यानं हृदय थकतं, आणि ते थकलं की भार जिगरवर, म्हणजे यकृतावर, येतो. ती आधीच वाढलीय. इतक्या तुपानं तिच्यात चरबी भरली असणार. तूप बंद करा, मीठ कमी करा. दुसरा इलाज माझ्याजवळ नाही."

परतीच्या वाटेवर बैलगाडीत कुणी कुणाकडं बघेना. आत्याबाईंनी एकच शब्द धरून ठेवला होता. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "जिगर म्हणला ना त्यो? माझ्या बापाचीबी जिगरच सुजल्ती." मामंजींचा तर्क वेगळाच. गाव जवळ आल्यावर ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "तूप बंद करा म्हणतो! कुणाचा माणूस हाय, कळत न्हाई का मला? खरं तूप सुटलं की लोक डबे घेतेत. डबेवाल्यांनीच पेरलाय त्याला." मला दोघांचंही म्हणणं पटलं आणि दोघांचाही संशय आला.

पुढच्या बाजारी आत्याबाईंनी मला शेजारच्या तूपवालीबरोबर पाठवलं. सांगितलं एवढंच, की बाजार होईस्तोवर मामंजींवरची नजर हलवायची नाही. मी पदर पुढं ओढून गाडग्यांच्या रांगेत बसले. एवढ्या बायांत त्यांनी मला ओळखलं नाही.

त्यांची वानगी घ्यायची रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आधी थोडं तूप हाताच्या पाठीवर चोळायचे आणि वास घ्यायचे. मग बोटानं चाखायचे. शेवटी गाडगं शेगडीवर कोमट करून ओंजळीत पातळ तूप घ्यायचे, गटकन गिळायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. खोटं तूप घशाला धरून बसतं, खरं सरळ उतरतं, असं त्यांचं शास्त्र. एक गाडगं झालं की दुसरं. दुपार झाली तरी बाया येतच होत्या, आणि मामंजी गिळतच होते. चेहरा लाल होत चालला होता.

मी शेजारणीला हळूच विचारलं, "थुकून का टाकत न्हाईत?"

ती माझ्यावरच डाफरली. "अगं, तूप हाय ते! लक्ष्मी थुकतेत का कुणी?"

बाजार उलगला तेव्हा मी त्यांच्या मागं मागं निघाले. शिंदीचं दुकान जवळ आलं तशी मी पावलं उचलली. मामंजी दुकान येण्याआधीच रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेले, उपरणं नाकाला लावलं आणि तिकडं न बघता पुढं निघून गेले. मला त्यांची इतकी माया आली, की वाटलं, धावत जाऊन पाया पडावं.

घरी येऊन सगळं सांगितलं. आत्याबाई चुलीपुढं बसून हमसून हमसून रडल्या. "तूपच ना गं? नुसतं तूपच ना?" असं मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मी म्हणाले, "पर डॉक्टर त्येच तर बंद करा म्हणला." त्यांनी डोळे पुसले. "शिंदी न्हाई तर जिगरला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणाचा घाट घातला. मामंजींच्या पोळीवर स्वतःच्या हातानं तूप ओतलं, ताटातून ओघळेपर्यंत. "पोटभर खा," म्हणाल्या. इतक्या दिवसांनी बायको हसून बोलली, म्हणून मामंजीही खूश होऊन मागून मागून खात होते. ते घर इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढं त्यांच्या पायांवर सूज आली, मग पोटावर. डोळे पिवळे दिसायला लागले. आत्याबाईंना आता भीती नव्हती. अंगात ताकद यावी म्हणून त्या सकाळी कोमट दुधात तूप घालून द्यायच्या. एका बाजारच्या दिवशी मामंजी हातातल्या गाडग्यासकट कोसळले. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. गाडीत घालून आणलं, आणि थोड्याच दिवसांत ते गेले.

अंगणात तिरडी बांधत होते. गावातलं कुणीतरी कुजबुजलं, "पोट बघा की. पीत असणार, दुसरं काय." आत्याबाईंनी ते ऐकलं. त्या उठल्या तेव्हा मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या सरणासाठी आलेल्या तुपाच्या डब्यापाशी गेल्या. तो मामंजींच्या व्यापाऱ्यानं पाठवला होता. त्यांनी थोडं तूप हाताच्या पाठीवर चोळलं आणि वास घेतला.

"हे खोटं हाय. परत न्या."

मग घरात जाऊन त्यांनी मामंजींसाठी कढवून ठेवलेलं गाडगं आणलं. तिथंच उभं राहून बोटभर तूप जिभेवर घेतलं, गिळलं आणि अगदी त्यांच्यासारखे डोळे मिटले.

"हे बराबर हाय," त्या म्हणाल्या.

गाडगं घ्यायला मी हात पुढं केला, पण त्या सोडेनात. गाडग्यात बघत राहिल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरी, पागोट्याचा वास घेतला, सदऱ्याचा घेतला, डॉक्टरवर संशय घेतला. ह्याच्यावर कसा गं न्हाई घेतला?"