तुपातली गोळी

मुरुमजवळच्या आमच्या गावात दूध संस्था निघाली आणि बब्रुवान तिचा चेअरमन झाला. बहात्तरच्या दुष्काळात हाच गडी खडी फोडायला कोसभर चालत जायचा, वर सरकारी सुकडी खायचा. आता मिशीला साय लागल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हता.

त्याच्या पापण्यांवर पिवळ्या गाठी होत्या. बापाला होत्या, चुलत्यालाही होत्या. घरचे मिरवायचे, "सोन्याचे थेंब हायत, आमच्याच रक्ताला येतेत." बाप बेचाळिसाव्या वर्षी बांधावर कोसळला, चुलता त्याच्याही आधी. थेंबांचा आणि कोसळण्याचा संबंध जोडायला डोकं लागतं. ते या घराण्यात फेटा बांधण्यापुरतंच ठेवलेलं.

संबंध जोडला तो त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं. नवरा बापाच्या वयाला टेकला तसं तिनं त्याला ओढत उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त सोलापूरला गेलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तात चरबी फार आहे. वडिलांकडून आलेली. तूप, साय बंद. रोज चालायचं. आणि ही गोळी कायमची."

चेअरमन फुगला. "फॅट जास्त हाय म्हणा की! आमच्या डेअरीत जास्त फॅटला जास्त दर."

"म्हशीला. तुमास्नी न्हाय," द्वारकाबाई म्हणाली.

चेअरमननं पायी हिंडायचं म्हणजे इभ्रतीचा सवाल. तो फटफटीवर मळ्यात जायचा, विहिरीला एक वेढा मारायचा आणि बाजेवर आडवा व्हायचा. गोळी मात्र इमानानं घ्यायचा, डेअरीत बसून.

पुन्हा रक्त तपासलं तर चरबी वाढलेली.

"गोळी घेता ना?"

"रोज. अर्धी वाटी तुपासंगं."

"तुपासंगं?"

"इंग्लिश औषध उष्ण असतंय, डॉक्टर. तूप न्हाय घेतलं तर पोट पेटतंय. येवडं बी शिकवलं न्हाय व्हय तुमाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि कागदावर 'तूप बंद' पुन्हा लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"आवो," द्वारकाबाई म्हणाली, "आग इझवायला घासलेट वतायलाव का? सासऱ्यावानी बांधावर पडायची लई घाई झालीय का तुमास्नी?"

त्याच दिवशी तिनं त्याचा डेअरीतला तुपाचा डबा माहेरी धाडला आणि फटफटीची चावी कमरेला खोचली. चेअरमन पायी डेअरीला निघाला. पारावरून आवाज आला, "काय चेअरमन, पेट्रोल संपलं का संस्था बुडाली?" मग रोज शरमेनं त्याचा पाय झपझप पडायचा. डॉक्टरांना तेवढंच पाहिजे होतं. अक्कल कामाला आली नाही, लाज आली.

बापाचं वय मागं पडलं. रक्तातली चरबीही उतरली. संस्थेच्या वार्षिक सभेत चेअरमन उभा राहिला आणि पापणीला बोट लावून गरजला, "ह्या रक्तात सोनं हाय! म्हणून यमानं बी मागं पाय घेतला!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांचं काय, ठरावालाही पडतात आणि चहालाही.

बायकांच्या बाजूनं द्वारकाबाई तांब्या घेऊन उठली. भर सभेत तिनं त्याच्या हातावर गोळी ठेवली.

"बसा खाली. गिळा आधी. आन पाण्यासंगं."